गुहागर पेट्यातील कुळे आणि खोती : वहिवाट व कागद यांचा वाद

गुहागरच्या इतिहासाविषयी आजवर जे लेखन झाले आहे ते बहुतांशी किनाऱ्याच्या अरुंद पट्टीचे आहे. श्रीव्याडेश्वराचे देवस्थान व त्यास कुलदैवत मानणारी चित्पावन घराणी, हेदवी आणि वेळणेश्वर येथील देवालये, वाशिष्ठीच्या मुखावरील अंजनवेलचा गोपाळगड, पलीकडच्या तीरावरील दाभोळ बंदराचे वैभव, हे विषय अभ्यासकांस परिचित आहेत. नारळी-पोफळीच्या आगरांची ही पट्टी ओलांडून घाटी चढली की कातळाचा सडा लागतो आणि सड्याच्या पोटाशी, लहान लहान पऱ्ह्यांच्या काठी, कुणब्यांच्या व महारांच्या वाड्या लागतात. दाभोळच्या खाडीपासून जयगडच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या मुलखाची शेती ज्यांनी केली त्यांचा इतिहास मात्र देवस्थानांच्या बखरींत नाही आणि किल्ल्यांच्या कैफियतींतही नाही. तो शोधावयाचा तर खोतीच्या दप्तरात शोधावा लागतो. आणि ते दप्तर दुसऱ्या पक्षाने लिहिलेले आहे. ही अडचण केवळ आजच्या संशोधकाची नव्हे. तीच अडचण, अधिक दारुण स्वरूपात, या वाड्यांतील शेतकऱ्यांना शंभराहून अधिक वर्षे भोवली.

खोतीचा उगम आदिलशाही काळात सापडतो. दाभोळ सुभ्यातील ओसाड पडलेली गावे पुन्हा लागवडीस आणावी, वसाहत करावी आणि ठरलेला सारा सरकारात भरावा, या बोलीवर गावे व्यक्तींच्या हवाली करण्यात आली. पुढे हा अधिकार वंशपरंपरागत झाला आणि पेशवाईत अंजनवेल तालुक्यातील बहुसंख्य गावे खोतांच्या हाती होती. खोत एकाच जातीचे नव्हते. चित्पावन ब्राह्मणांची संख्या ठळक असली तरी मराठे खोत होते, मुसलमान खोतही होते. यास्तव खोतीच्या प्रश्नास निव्वळ ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचे रूप देणे इतिहासाला धरून होणार नाही. तसेच प्रारंभीच्या खोतांनी जंगल तोडून गावे उभी केली, दुष्काळात व स्वाऱ्यांच्या धामधुमीत साऱ्याची जबाबदारी अंगावर घेतली, हेही नाकारता येत नाही. पण जंगल प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी तोडले गेले, हा प्रश्न खोतांच्या सनदांमध्ये उपस्थितच होत नाही.

ब्रिटिश अंमलात खोताचे सरकारशी नाते एका वार्षिक कबुलायतीने बांधलेले असे. खोत कबुलायत लिहून देई आणि गावचा ठरलेला सारा भरी. कबुलायत नाकारल्यास सरकार गाव जप्तीत घेई. खोताचे शेतकऱ्याशी असलेले नाते इतके सरळ नव्हते. गावात धारेकरी असत. त्यांच्याकडून सरकारी धाऱ्यापेक्षा अधिक घेण्याचा अधिकार खोतास नव्हता. त्याखाली कमीअधिक संरक्षण असलेली जुनी कुळे आणि सर्वांत खाली, खोताच्या मर्जीवर जमीन कसणारे उपरी. धारेकरी सोडता इतरांना भातजमिनीवर अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा भाग, व डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा, द्यावा लागे. उभ्या पिकाची अभावणी करून खोताचा अंदाज ठरे व त्या अंदाजानुसार धान्य घातले जाई. अंदाज करणारा खोताचा माणूस, धान्य मापणारी पायली खोताची आणि वहीही खोताचीच. यापलीकडे वेठ होती. आठवेठीच्या वहिवाटीने आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर राबावे लागे. आणि हा दिवस बहुधा आवणीच्या घाईचा असे, कारण खोताचे भात व कुळाचे भात एकाच पावसाची वाट पाहत.

या व्यवस्थेतील एका बारकाव्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गावची खोती क्वचितच एका माणसाकडे राही. वारसांमध्ये तक्षिमा पडत आणि तक्षीमदार आळीपाळीने वहिवाटदार खोत होऊन गावचा कारभार पाहत. ज्याची पाळी एका वर्षाची त्याला पुढील दहा वर्षांच्या सुपीकतेची चिंता बाळगण्याचे कारण नसे. कुळाच्या बाजूने पाहता, त्याचा धनी दरवर्षी बदले आणि एका तक्षीमदाराने तोंडी दिलेली सवलत दुसऱ्यावर बंधनकारक नसे. खोतीचा जाच एखाद्या क्रूर व्यक्तीच्या स्वभावातून उद्भवला अशी जी समजूत कथाकादंबऱ्यांतून रूढ झाली आहे, ती या दृष्टीने अपुरी आहे. सज्जन खोतांच्या गावीही कुळाची स्थिती फारशी निराळी नव्हती.

या वाड्यांतील कुणबी आपला गावाशी असलेला संबंध कोणत्या साधनांनी जपून ठेवीत होता? ‘कुळ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : एक वंश, दुसरा जमीन कसणारा. कुळाचा पुरावा मागितला असता शेतकऱ्याला आपली पिढी व देव आठवे. कारकुनाला कबुलायत हवी असे. शेतकऱ्याचा पुरावा गावकीत होता. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येई, तेथून वाडीवाडीने व घरोघर फिरे. पालखी प्रथम कोणी उचलावयाची, होळीचा मान कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असे आणि त्यात गाव प्रथम वसविणाऱ्या घराण्यांची स्मृती साठविलेली असे. देवरहाटीतील झाडास हात लावण्याचे नियम, नमन-खेळ्यांतील गणाचा व गवळणीचा क्रम, काळ्या वेषातील संकासुराचे सोंग घेण्याचा अधिकार, गौरी-गणपतीत जाखडीचा फेर धरणारे वाडीचे मंडळ, या साऱ्या गोष्टी वरवर करमणुकीच्या दिसल्या तरी त्या गावातील स्थानाच्या नोंदीच होत. मानपानाचे तंटे कोकणात इतक्या हिरिरीने का लढले जातात याचे बाहेरच्या माणसास आश्चर्य वाटते. ज्याच्याजवळ दुसरा दस्तऐवज नाही तो आपला एकमेव दस्तऐवज सहजासहजी सोडीत नाही, हे त्याचे उत्तर होय. अनेक गावी खोताने या मानांवरही हक्क सांगितला, ही गोष्टही याच दृष्टीने पाहिली पाहिजे.

इंग्रजी राज्यात या दोन प्रकारच्या पुराव्यांची गाठ पडली. कॅप्टन विंगेट याने १८५१ च्या सुमारास रत्नागिरीतील खोती पद्धतीची चौकशी केली. पुढील दशकात मोजणी होऊन कुळांनी खोतास द्यावयाच्या रकमा ठरविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा खोतांनी तीव्र विरोध केला. कित्येकांनी कबुलायती लिहून देण्याचे नाकारले व गावे जप्तीत गेली. १८७४ साली चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखा विद्वान विधिज्ञ खोतांची बाजू मांडण्यास उभा होता. कुळांच्या बाजूने बोलणारा त्यांच्यातीलच माणूस त्या सभागृहात नव्हता. तडजोड म्हणून १८८० चा खोती समझोत्याचा कायदा झाला.

या कायद्याने कुळांचे काही भले केले, हे मान्य केले पाहिजे. सन १८४५-४६ या महसुली वर्षाच्या आरंभापासून जो शेतकरी अथवा त्याचे पूर्वज जमीन अखंड कसत आले असतील त्यास कायम कुळाचा दर्जा मिळावा, असे त्याने ठरविले. हा हक्क वारसांकडे जाई, मात्र तो दुसऱ्यास विकण्याची मोकळीक सर्वसाधारणपणे नव्हती. मोजणी अधिकाऱ्याने गावची बोटखते तयार करावयाची व कोण कोणत्या वर्गात पडतो हे नोंदवावयाचे, अशी योजना होती. उपऱ्यास प्रथमच कायद्याच्या भाषेत एक मर्यादा आखून मिळाली. पण ही मर्यादा पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका तारखेला बांधलेली होती, आणि १८४५ साली हे शेत कोण कसत होते हे सांगणारी लेखी वही गावात असलीच तर ती खोताच्या माजघरात असे.

याहून खोल अडचण शेतीच्या पद्धतीतच होती. भाताची खाचरे एका जागी स्थिर असतात. तेथे अखंड वहिवाट सिद्ध करणे निदान कल्पनीय होते. पण गुहागरच्या सड्याभोवतालच्या शेतकऱ्याचे पोट केवळ भातावर भरत नव्हते. वर्षाचे बरेच महिने तो नाचणी व वरीवर काढी, आणि ही पिके वरकस उतारावर घेतली जात. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे हरीक आणि मग जमीन काही वर्षे पडीक, असा फेर असे. पडीक काळात त्या उतारावरील गवत व टहाळ राबासाठी उपयोगी पडे. राबाशिवाय तरवा नाही आणि तरव्याशिवाय आवणी नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने तो संपूर्ण उतार त्याच्या वहिवाटीत होता. कायद्याच्या दृष्टीने तो कोणत्याही एका तुकड्यावर अखंड नव्हता. ‘अखंड’ हा एक शब्द खाचराला लागू पडत होता, डोंगराला नाही. ज्या गावात खाचरे थोडी व वरकस अधिक, तेथे कायद्याचे संरक्षण तितकेच तोकडे पडले. गुहागर पेट्यातील कातळी गावे या दुसऱ्या प्रकारची होती.

जमिनीस विसावा देणाऱ्या शेतीचे आणि कागद मागणाऱ्या राज्याचे असे वैर इतरत्रही घडले आहे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील माया लोकांचा इतिहास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मायांची मक्याची शेती, ज्यास मिल्पा म्हणतात, आपल्या वरकसाप्रमाणेच झाडोरा तोडून, जाळून, दोनतीन वर्षे पीक घेऊन मग जमीन पडीक ठेवण्याची आहे. परंतु माया हा लेखनाची प्राचीन परंपरा असलेला समाज. स्वतःची लिपी, पंचांगे व ग्रंथ त्यांच्याजवळ होते. १५६२ साली मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक दिएगो दे लांदा याने ते ग्रंथ जाळविले. त्या प्राचीन लिपीतील अवघ्या चार पोथ्या आज शिल्लक मानल्या जातात. तथापि मायांनी लेखन सोडले नाही. जेत्यांची रोमन लिपी त्यांनी आत्मसात केली आणि आपल्याच भाषेत शिवारांच्या सीमा लिहून ठेवल्या. मानी येथील १५५७ चा सीमाकरार प्रसिद्ध आहे. एबतून या खेड्याने तर दोनशेहून अधिक वर्षांचे जमिनीचे कागद जपले आणि स्पॅनिश न्यायाधीशांपुढे ते वेळोवेळी हजर केले. खेड्यापाशी स्वतःचे दप्तर असणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

तरीही कागद सदैव तारक ठरला नाही. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर युकातानच्या नव्या सरकारने पडीक दिसणाऱ्या जमिनी बेवारस ठरवून विकण्यास आरंभ केला. जी जमीन मायांच्या हिशेबी विश्रांती घेत होती ती सरकारच्या हिशेबी रिकामी होती. इतर जाचांची त्यात भर पडून जुलै १८४७ मध्ये तेपिच येथून जो उठाव झाला त्याची धग १९०१ साली मेक्सिकोच्या सैन्याने चान सांता क्रूझ घेईपर्यंत विझली नाही. शेजारच्या ग्वातेमालात १९५२ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला. १९५४ च्या सत्तांतरानंतर तो उलटविण्यात आला आणि १९६० ते १९९६ पर्यंतच्या यादवीत दोन लाखांवर माणसे मारली अथवा नाहीशी केली गेली, त्यांत बहुसंख्य माया होते. कोकणातील खोती आणि हा रक्तपात यांची तुलना कोणी करू नये. खोत आणि कुळ यांची भाषा एक होती, देव एक होता. कोकणच्या कुणब्यास आपल्या देवाचे नाव बदलावे लागले नाही. साम्य आहे ते एवढेच की दोन्हीकडे फिरत्या शेतीस रिकामी जमीन समजण्यात आले. आणि भेद असा की एबतूनच्या मायापाशी दप्तर होते. गुहागरच्या कुणब्यापाशी सहाण होती, आणि सहाण न्यायालयात हजर करता येत नाही.

कुणब्याने दुसरा मार्ग धरला, तो मुंबईचा. गिरण्या व गोद्या यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे ओढून घेतली; १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत असलेल्या रत्नागिरीकरांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. दाभोळ व जयगड बंदरांतून आगबोटीने माणसे जात आणि शिमगा-गणपतीस परत येत. चाळीतील खोलीत एका वाडीचे दहाबारा गडी एकत्र राहत. या स्थलांतराने खोतीवर दोन परस्परविरुद्ध परिणाम केले. गिरणीच्या पगारातून खोताचा फाळा भागू लागला, म्हणजे मुंबईच्या मजुरीने खोतीला जगविले. उलटपक्षी, मुंबईत त्याच कुणब्याने संप पाहिला, सभा पाहिली, वर्तमानपत्र वाचून घेतले. १९२० साली मुंबईतच कुणबी समाजोन्नती संघाची स्थापना झाली. खोतीविरुद्धचा पुढील लढा गावात पेटला असे म्हणण्यापेक्षा तो मुंबईहून सुटीत गावी आला, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

१४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूण येथे रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. गुहागर त्या वेळी चिपळूण तालुक्याचाच पेटा होता. महार व कुणबी ही दोन्ही कुळे एका खोतापुढे उभी असली तरी एका पंगतीस बसत नव्हती. खोतीच्या प्रश्नावर ती एका मंडपात आली, ही त्या परिषदेची विशेष फलश्रुती मानावी लागते. उत्तरेकडे अलिबाग तालुक्यात चरी येथे ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सहा वर्षे चालला. उपासमार सोसून इतका दीर्घकाळ टिकलेला शेतकऱ्यांचा संप आपल्या देशात विरळाच. गुहागरच्या बाजूस असा संप झाला नाही, याचे एक कारण पेट्याच्या भूगोलात आहे. चरीच्या खारपाटीत भाताचे सलग क्षेत्र होते. सारे शिवार एकदम ओसाड ठेवता येत होते. सड्यावरील विखुरलेल्या वाड्यांत, जेथे घरटी दोनचार खाचरे, तेथे न कसणे म्हणजे खोताआधी स्वतःलाच उपाशी मारणे होते.

१९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने हा प्रश्न विधिमंडळात नेला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. त्याचा आशय मर्यादित व रेखीव होता : खोती बंद व्हावी, खोतास वाजवी भरपाई मिळावी आणि जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्यास भोगवटादाराचा दर्जा मिळावा. ‘प्रत्यक्ष ताबा’ या शब्दांचे महत्त्व १८८० च्या कायद्याशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. १८४५ ची तारीख त्यात उरत नाही. आज नांगर कोणाचा चालतो, एवढेच पाहिले जाते. पुराव्याचा भार खोताच्या वहीवरून उचलून शेताच्या बांधावर ठेवण्याचा हा प्रयत्न होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून व इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर हे पक्षाचे सभासद विधानसभेत होते आणि मोर्च्यातही होते. विधेयक संमत झाले नाही. १९३९ चा कूळकायदा झाला, पण त्याने खोती तशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई खोती निर्मूलन अधिनियम, १९४९ हा १५ मे १९५० पासून अमलात आला आणि खोतीची वतनदारी संपली. धारेकरी व कायम कुळे यांना सरकारास थेट सारा भरणारे भोगवटादार होण्याचा मार्ग खुला झाला. खोतांच्या खासगी जमिनी त्यांच्याकडे राहिल्या. उपऱ्यांस मात्र १९४८ च्या कूळकायद्याकडेच पाहावे लागले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाची वाट पाहावी लागली. त्या दिवशी कायद्याने कुळास जमिनीचा खरेदीदार मानले. अट एवढी की तो कूळ म्हणून त्या दिवशी जमीन कसत असला पाहिजे. येथे पूर्वीचाच पेच नव्या वेषात उभा राहिला. शेत कसणारी बायको गावी आणि नवरा गिरणीत. पीकपाहणीत नाव कोणाचे लावावयाचे? तलाठ्याच्या वहीत खोताचे नाव ‘खुद्द’ म्हणून लागले आणि कुळाचे राहिले, तर ते दुरुस्त करून घेण्यास मुंबईहून रजा काढून मामलेदार कचेरीत खेटे घालावे लागत. कित्येकांनी ते घातले. ज्यांना परवडले नाही त्यांच्या जमिनी शांतपणे, कोणतीही तक्रार न होता, कागदावरून गेल्या. ज्या स्त्रियांनी ही शेते प्रत्यक्ष राखली त्यांची नावे तर दोन्ही पक्षांच्या कागदांत दिसत नाहीत. खोतीच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे रिकामे पान होय, आणि ते भरून काढावयाचे तर वाड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी टिपून घेण्यास विलंब करून चालणार नाही; त्या पिढीतील फार थोड्या जणी आता उरल्या आहेत.

या पेचाचे अलीकडचे प्रकरण अंजनवेलच्या सड्यावर घडले. १९९२ साली दाभोळ वीजप्रकल्पाचा प्राथमिक करार झाला आणि अंजनवेल, वेलदूर, रानवी या परिसरातील जमिनी संपादित करण्यात आल्या. प्रकल्पाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. १९९७ साली वेलदूर येथे पोलीस कारवाई झाली. १९९९ साली वीजनिर्मिती सुरू झाली, २००१ साली ती थांबली, आणि पुढे प्रकल्प दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्या व्यवहाराच्या आर्थिक बाजूविषयी विपुल लेखन झाले आहे. खोतीच्या अभ्यासकास त्यातील एक गौण वाटणारी गोष्ट महत्त्वाची वाटेल. नुकसानभरपाईच्या नोटिसा सातबाऱ्यावरील नावांना जातात. एका गटावर खोताचे वारस, त्यांचे तक्षीमदार, इतर हक्कांत एखादे जुने कूळ आणि प्रत्यक्ष कसणारा तिसराच, अशी स्थिती कोकणात सर्रास आढळते. आणि वेलदूरच्या मच्छीमारांचे उपजीविकेचे क्षेत्र म्हणजे खाडी. तिचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो.